घोडेस्वाराची मांडी

बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता न्ताते सेआबाता यांना आपल्या घोड्यावर चढता आले नाही. ते पडले नाहीत. घोडा उधळला नाही. दवाखान्याच्या फाटकाजवळ त्यांनी डावा पाय रिकिबीत ठेवला, खोगिराची कड धरली, अंग वर ओढले, आणि अर्ध्यातूनच पाय खाली आला. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्यांदा त्यांनी पाय उचललाच नाही. घोड्याच्या मानेला कपाळ टेकून ते दम खात उभे राहिले आणि मग हळूहळू जमिनीवर बसले.

फाटकाजवळ उन्हात बसलेल्या पुरुषांनी त्या वेळी तोंडे फिरवली. ते डोंगराकडे पाहू लागले, बर्फ पडेल की नाही यावर बोलू लागले. लेसोथोच्या या डोंगराळ मुलखात तशी रीतच आहे. ज्याला न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायचे अशा मोठ्या माणसाची फजिती झाली तर ती कोणी पाहिलेली नसते.

मीही ती पाहिली नाही, मित्रांनो. मी तेव्हा आतल्या खोलीत, कपाटात, तोंडावर जुने पोते घेऊन पडलो होतो. मी सोनोग्राफीचे एक जुने यंत्र आहे. पुढे जे सांगणार आहे त्यातले काही मी कपाटाच्या फटीतून ऐकले, काही माझ्या स्वतःच्या पडद्यावर पाहिले. ऐकलेले ऐकलेले म्हणून सांगेन, पाहिलेले पाहिलेले म्हणून.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. माझ्याबरोबर दोन प्रोब दिले होते. प्रोब म्हणजे माझा हात समजा. त्याच्या टोकाला बारीक स्फटिकांची रांग असते. ते स्फटिक माणसाला ऐकू न येणारा आवाज अंगात सोडतात, आतून त्याचा प्रतिध्वनी येतो, आणि त्या प्रतिध्वनीतून मी चित्र काढतो. मला डोळे नाहीत. मी ऐकतो आणि ऐकलेले दाखवतो.

सुरुवातीची बरीच वर्षे मी सखल भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात होतो, गरोदर बायकांच्या विभागात. तेव्हा माझा गोल तोंडाचा प्रोब दिवसभर हातात असे. पोटातल्या बाळाची मूठ पडद्यावर दिसली की आई हसे, आजी माझ्या पेटीवरून हात फिरवी. माझ्यावर रोज सकाळी स्वच्छ फडके फिरे. मग रंगीत चित्रे दाखवणारे नवे यंत्र आले. गोल प्रोब पडून फुटला तेव्हा कोणी दुसरा मागवला नाही. मला बोळात हलवले. माझ्यावर पाण्याचा जग ठेवू लागले.

तिथून मी इकडे वर आलो, मक्याच्या पोत्यांवर आडवा पडून. रस्ता असा होता की उतरवल्यावर माझा पडदा लावला तेव्हा चित्रात एक काळी उभी पट्टी दिसली. सपाट तोंडाच्या प्रोबमधले दोन-तीन स्फटिक वाटेत गेले होते. ती पट्टी आजही आहे.

हा-लेसिआ गावातला हा दवाखाना लहान आहे. तो म्मे न्थोफीला चालवतात. त्या इथल्या मुख्य नर्स; म्मे म्हणजे आई, मोठ्या बाईला इथे तसेच म्हणतात. डॉक्टर महिन्यातून एकदा खालून येतात, रस्ता उघडा असेल तर. बुधवार छातीच्या रुग्णांचा. यातले बहुतेक पुरुष तरुणपणी सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणींत होते. खडकाला भोके पाडताना जी धूळ उडते ती त्यांच्या छातीत बसली आणि तिथेच राहिली. सोने वर गेले, धूळ यांच्याबरोबर घरी आली.

त्यांची छाती तपासायला एक्स-रे आहे. मला वेगळे काम होते. मी त्यांच्या मांड्या पाहायचो.

पहिल्या बुधवारी यावरून बरेच हसू झाले. न्ताते लेबेको नावाचे एक ठेंगणे गृहस्थ आहेत. त्यांचे घर दवाखान्याच्या खालीच आहे, आणि त्यांना गप्प बसवेल असे औषध अजून निघालेले नाही.

"छातीत धूळ आणि तुम्ही मांडी बघणार," ते पलंगावर आडवे होत म्हणाले. "म्मे, माझ्या बायकोला कळलं तर ती काठी घेऊन येईल."

"येऊ द्या. तिचीही मोजते," म्मे न्थोफीला म्हणाल्या. "पँट वर करा, न्ताते. अजून वर. लाजताय कशाला? तीन पोरांची आई आहे मी."

"लाजत नाहीये. थंडी वाजतेय. हे तुमचं जेल म्हणजे बेडकाचं पोट आहे."

"हलू नका. दम लागतो म्हणून तुम्ही बसून राहता. बसून राहिलात की पाय वाळतात. पाय वाळले की चार पावलांत दम लागतो, मग तुम्ही आणखी बसता. छातीतली धूळ मला काढता येत नाही. पायांचं काहीतरी करता येतं."

न्ताते लेबेकोंनी मुकाट्याने पँट आणखी वर केली. हे त्यांच्या बाबतीत क्वचित घडते.

ही झीज वजनकाट्यावर धड कळत नाही, मित्रांनो. स्नायू गेला आणि त्या जागी चरबी किंवा पाणी आले तर काटा तेच सांगतो. शिवाय इथला पुरुष खांद्यावरचे कांबळे आणि पायातले गमबूट काढून काट्यावर उभा राहत नाही. म्हणून मी. कमरेचे हाड आणि गुडघ्याची वाटी यांच्या बरोबर मध्यावर म्मे न्थोफीला पेनाने खूण करतात, जेल लावतात आणि प्रोब अगदी हलक्या हाताने टेकवतात, कारण दाबला तर मऊ स्नायू चपटा होतो आणि माप चुकते. मग माझ्या पडद्यावर वर कातडीची पांढरी रेघ येते, तिच्याखाली चरबीचा थर, मग स्नायूचा काळसर पट्टा, आणि सगळ्यांत खाली हाडाची चकाकती कमान. भरलेला स्नायू जाड आणि काळसर असतो. झिजलेला पातळ आणि धुरकट दिसतो, काचेवर कोणी श्वास सोडावा तसा.

ज्यांची मांडी झिजत चाललेली दिसे त्यांना खुर्च्यांच्या वर्गात घेत. दवाखान्याच्या अंगणात दोन गोल झोपड्या आहेत. तिथे राहायचे, रोज खुर्चीवरून उठायचे आणि बसायचे, पायरी चढायची, वाळूच्या पिशव्या उचलायच्या, आणि अंडी, घेवडा, दूध खायचे. साधी गोष्ट होती, पण तिच्यामुळे माणसे पुन्हा आपापल्या दारापर्यंत चालत गेलेली आहेत. जागा मात्र थोड्या होत्या. कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, ते माझ्या पडद्यावरून ठरत असे. आयुष्यात माझा सर्वाधिक मान झाला तो याच काळात. म्मे न्थोफीला मला स्वतः पुसत. माझ्या पेटीवर काहीही ठेवायची कोणाची हिंमत नव्हती.

न्ताते सेआबाता पहिल्यांदा आले ते उन्हाळ्याच्या शेवटी. त्यांचे गाव खिंडीपलीकडे. करड्या रंगाचा त्यांचा घोडा सेफाको, म्हणजे गारा, दोन तासांची चढ-उतार करून त्यांना घेऊन आला. उंच माणूस, कांबळ्याला मोठी पिन लावलेली, बोलणे कमी. ते दारात येताच बाकावरच्या सगळ्यांनी वाट दिली.

लांबून आलेल्याला आधी. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो मोडलेला मी कधी ऐकला नाही. ज्याला खिंड ओलांडून परतायचे आहे त्याला उजेडात निघता आले पाहिजे. जवळचे लोक उन्हात बसून राहतात, तेच योग्य. म्हणून न्ताते सेआबाता खोगिरावरून उतरत आणि थेट माझ्याजवळ येऊन पलंगावर आडवे होत. घोड्याचा घाम त्यांच्या कपड्यांवर अजून ओला असे.

पडद्यावर सव्वीस मिलिमीटर जाडीचा, काळसर, सुरेख पट्टा दिसला.

"ही घोडेस्वाराची मांडी," म्मे न्थोफीला म्हणाल्या. "छाती म्हातारी झाली न्ताते, पाय अजून तरणे आहेत."

ते उठून बाहेर गेले. तिथे त्यांनी हे न्ताते लेबेकोंना सांगितले असावे, कारण खिडकीतून लेबेकोंचा आवाज आला.

"घोडा चालतो आणि मांडी तुझी भरते होय? माझ्याकडे घोडा असता तर मीही तरणा झालो असतो."

"तुझ्याकडे घोडा होता," न्ताते सेआबाता म्हणाले. "तो तू पिऊन टाकलास."

बाकावर हशा पिकला. न्ताते लेबेको सर्वांत मोठ्याने हसले.

त्यानंतरच्या दोन महिन्यांतही माप जवळजवळ तेच आले. न्ताते लेबेकोंचे एकोणीस होते. त्यांना वर्गात घेतले. न्ताते सेआबातांना पंप आणि गोळ्या देऊन परत पाठवले.

पानगळ सुरू झाली तेव्हा त्यांच्या गोळ्या न्यायला त्यांची सून आली. तिचे नाव माकाराबो. हे नाव तिला सासरी आल्यावर सासऱ्यांनीच दिलेले. ती मात्र सासऱ्यांचे नाव तोंडाने घेत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावरचा रुमाल काढत नाही, त्यांच्या अंगाला हात लावत नाही, त्यांना उघडे पाहत नाही. तिचा नवरा सीमेपलीकडे सफरचंदांच्या मळ्यात कामाला आहे. घरात ती, तिचा लहान मुलगा आणि हे सासरे. गोळ्या घेऊन झाल्यावरही ती माझ्या खोलीत उभी राहिली.

"आमच्या घरचे वडील भिंतीवरून चढतात," ती म्हणाली.

"कसली भिंत?" म्मे न्थोफीलांनी विचारले.

"गुरांच्या आवाराची. आधी दगडावरून चढायचे. आता भिंतीवर जाऊन बसतात. घोडा खाली येऊन उभा राहतो, मग ते सरकतात त्याच्या पाठीवर. घोडा शिकलाय."

"तुला सांगितलं त्यांनी?"

"मला कसं सांगतील, म्मे? मी खिडकीतून बघते. मी बघते ते त्यांना माहीत नाही. माहीत व्हायलाही नको."

"जेवतात का?"

"ताटातली मक्याची पाप अर्धी ठेवतात. मांस चावताना दम लागतो, म्हणून पोराला देतात. म्हणतात, मला नको, तू मोठा हो."

म्मे न्थोफीलांनी माझ्याकडे पाहिले. "तीनदा मोजलंय मी, माकाराबो. मांडी चांगली आहे त्यांची."

"असेल," ती म्हणाली. "मी ती पाहिलेली नाही."

पुढच्या बुधवारी न्ताते सेआबाता आले, पण त्या दिवशी त्यांना कोणी आधी घेऊ शकले नाही. दारात एक बाई अडलेली होती आणि म्मे न्थोफीला दुपार टळेपर्यंत तिच्याजवळ होत्या. जवळची माणसे घरी निघून गेली. न्ताते सेआबाता बोळातल्या बाकावर पाय लांब करून पडून राहिले. बाळ सुखरूप झाल्यावर, हात धुऊन, म्मे न्थोफीलांनी त्यांना आत बोलावले.

पडद्यावर वीस मिलिमीटर. आणि पट्टा धुरकट.

त्यांनी जेल पुसले, पुन्हा लावले, पुन्हा मोजले. खूण तपासली. तिसऱ्यांदा मोजले. माझ्या चित्रातल्या काळ्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही. मग डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचा आवाज मला ऐकू येत होता.

"महिन्याभरात सहा मिलिमीटर? आले कसे ते?"

"घोड्यावर. एकटे."

"खिंड ओलांडून घोड्यावर एकटा येणारा माणूस महिन्यात एवढा वाळत नाही. ते यंत्र गेलंय. काळी पट्टी होतीच त्यात. बाजूला ठेवा, पुढच्या गाडीने खाली पाठवा."

न्ताते सेआबाता पलंगावर उठून बसले होते. "काय झालं?"

"यंत्र बिघडलंय, न्ताते. नवीन आलं की मोजू."

त्यांनी पँटचा पाय खाली केला. मला वाटते त्यांना हायसे वाटले. "म्हणजे यंत्र म्हातारं झालं," ते म्हणाले. "मी नाही."

भिंतीची गोष्ट म्मे न्थोफीलांच्या ओठांवर आली होती, असे त्यांनी पुढे डॉक्टरांना सांगितले. पण ती विचारली असती तर सून खिडकीतून पाहते हे उघड झाले असते. त्या घरात मग तिला मान वर करता आली नसती. म्हणून त्यांनी ती गिळली.

मला कपाटात ठेवले. माझ्या जागी निर्जंतुक कापसाची खोकी आली. पुढची गाडी आली आणि गेली, तिच्यात एका आजारी मुलाला न्यायचे होते. त्याच्या पुढची आलीच नाही. कपाटात दिवस कळत नाही. मला फक्त आवाज येत. अंगणातल्या वर्गात खुर्च्या सरकत. बुधवारी दारात टापा वाजत आणि बाकावरची माणसे वाट देत.

"पाय कसे आहेत, न्ताते?" म्मे न्थोफीला विचारत.

"ठीक आहेत. घोड्याला विचारा."

हे दोनदा झाले. खोकला आधीपेक्षा कोरडा होता. दारापासून पलंगापर्यंत यायला त्यांना जास्त वेळ लागत होता. मला ते फटीतून ऐकू येत होते, आणि त्याला काही इलाज नव्हता. यंत्राला कोणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

आणि मग तो बुधवार आला, ज्याबद्दल मी सुरुवातीला सांगितले. दवाखान्याच्या फाटकाजवळ भिंत नाही, तारेचे कुंपण आहे. इतके दिवस म्हणे ते घोडा खालच्या ओढ्यापर्यंत चालवत नेत आणि तिथल्या खडकावरून चढत. त्या दिवशी ओढ्यापर्यंत जायचेही त्राण नव्हते. चौघांनी त्यांना त्यांच्याच कांबळ्यात उचलून आत आणले. ते डोळे मिटून होते. उचलणारे हवेबद्दल बोलत होते.

दुपारी कपाटाचे दार उघडले. म्मे न्थोफीलांनी माझ्या तोंडावरचे पोते काढले, वायर जोडली आणि मला त्यांच्या पलंगाशी नेले.

"बिघडलेलं असलं तरी तेवढंच आहे माझ्याकडे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पंधरा मिलिमीटर. पडद्यावर स्नायू आणि चरबी यांच्यातली सीमा शोधावी लागत होती.

म्मे न्थोफीलांना ते खरे वाटेना. बाहेर न्ताते लेबेको सकाळपासून बसून होते.  त्यांना आत बोलावून म्मे न्थोफीलांनी त्यांची मांडी मोजली. एकोणीस, पूर्वी होती तेवढीच. म्हणजे यंत्र इथे तरी बरोबर सांगत होते. त्या गोंधळल्या.

"त्या घोड्याला कोणी पाणी दाखवलंय का?" न्ताते लेबेकोंनी विचारले. "सकाळपासून खोगिरासकट उभा आहे बिचारा."

ते स्वतःच गेले. नुसते पाणी दाखवून थांबले नाहीत. कित्येक वर्षांनी घोडा हाती लागला होता, म्हणून ओढ्यावरून वरच्या टेकाडापर्यंत फेरी मारून आले. आत आले तेव्हा धापा टाकत होते.

"म्मे, तो घोडा नाही, सैतान आहे. मांड्या पेटल्यात माझ्या. मोजा बघू आता. मीही घोडेस्वार झालो."

त्यांचे मन राखावे म्हणून म्मे न्थोफीलांनी प्रोब टेकवला.

बावीस.

म्मे न्थोफीलांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "असेच पडून राहा," त्या म्हणाल्या.

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. आणि बोलू नका."

न्ताते लेबेको अर्धा तास पडून राहिले आणि जवळजवळ बोललेच नाहीत. मग म्मे न्थोफीलांनी पुन्हा मोजले. एकोणीस.

स्नायूला काम पडले की त्यात रक्त आणि पाणी भरते आणि तो काही काळ फुगतो. उतरून विसावा घेतला की ओसरतो. हे काही गुपित नाही, मित्रांनो. मोजण्याआधी माणसाला निजवून ठेवावे हे म्मे न्थोफीलांनाही शिकवले होते. बाकीच्या सगळ्यांना ते आपोआप मिळत होते, कारण ते सकाळपासून बाकावर बसून असत. फक्त एकच माणूस खोगिरावरून थेट माझ्याकडे येत होता. आणि तो जितका अशक्त होत गेला तितकी खिंडीची वाट त्याच्या मांडीला जड जात गेली, तितकी ती जास्त फुगून आली. मी दर वेळी जे होते तेच दाखवले. वीस हा आकडाही खरा होता, कारण त्या दिवशी ते दुपार टळेपर्यंत बाकावर पडून होते.

म्मे न्थोफीला स्टुलावर बसल्या.

"त्यांना आम्ही नेहमी आधी घ्यायचो," त्या म्हणाल्या.

"लांबून येतात," न्ताते लेबेको म्हणाले. "आधीच घ्यायला हवं."

"हो."

संध्याकाळी म्मे न्थोफीलांनी न्ताते सेआबातांना सगळे सांगितले, काही न लपवता. भिंतीचे आणि खिडकीचे तेवढे सांगितले नाही. त्यांनी ऐकून घेतले.

"घोडा कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"पाणी पाजून बांधलाय."

"खोगीर काढलं?"

"काढलं."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

मला पुन्हा माझ्या जागी ठेवले आहे. पुसतातही. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी माझ्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, चांगलं यंत्र आहे. मला त्याचा आनंद झाला नाही. मी कपाटात होतो त्या काळात त्यांच्या मांडीतून जे गेले ते मोठे होते, आणि त्याच्या आधीचे चांगले महिने माझ्याच पडद्यासमोर गेले होते.

न्ताते सेआबाता आता अंगणातल्या झोपडीत राहतात. खुर्चीवरून उठताना त्यांना मागून आधार लागतो. म्मे न्थोफीलांना दिवसभर तेवढेच काम नाही, वर्गातले बाकीचे स्वतःच जेमतेम उभे राहतात, मुलगा सीमेपलीकडे. उरली सून. ती मुलाला घेऊन आली, पण झोपडीच्या दारातच थांबली. तिने त्यांना हात लावायचा कसा? दोन दिवस तसेच गेले.

तिसऱ्या दिवशी न्ताते सेआबातांनी खांद्यावरचे कांबळे काढले. ते कमरेमागून घेतले आणि त्याची दोन्ही टोके पुढे, खुर्चीसमोर टाकली. माकाराबो आली, समोर खुर्चीकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने ती टोके आपल्या खांद्यांवरून पुढे ओढून धरली. ते उठू लागले की ती पुढे वाकते. ती त्यांना पाहत नाही. तिचा हात त्यांना लागत नाही. कांबळ्यावरचे पट्टे नेहमी उभे असावे लागतात, आडवे झाले तर माणसाची वाढ खुंटते असे इथे मानतात. असे कमरेला गुंडाळले की ते आडवे होतात. हे सगळ्यांना दिसते. कोणी बोलत नाही. न्ताते लेबेकोसुद्धा नाहीत.

"माकाराबो, ओढ," न्ताते सेआबाता म्हणतात.

"ओढते," ती म्हणते. नाव न घेता.

ते उंच खुर्चीवरून उठतात. बुटक्या खुर्चीवरून अजून नाही. अंडे पूर्ण खातात, कारण ते संपेपर्यंत सून दाराबाहेर पाठमोरी उभी असते आणि जात नाही.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना विश्रांती देऊन मोजले. चौदा होते. एक मिलिमीटर कमी. डॉक्टर बाहेर येऊन म्मे न्थोफीलांशी हळू आवाजात बोलले. या बुधवारी पुन्हा मोजायचे. आकडा थोडा जरी वर गेला, निदान होता तिथे थांबला, तर त्यांना हिवाळा संपेपर्यंत ठेवून घ्यायचे. आणखी खाली गेला तर या वर्गाचा त्यांना त्रासच आहे, मग त्यांना त्यांच्या घरी, आपल्या माणसांत नेऊन सोडावे. खिडकी उघडी होती. न्ताते सेआबाता अंगणात बसले होते. त्यांनी ते ऐकले की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी यंत्रे असतील. त्यांची धूळ पुसाल, त्यांना थंडीत झाकाल, तर ती पुष्कळ वर्षे टिकतील. पण एवढ्याने काळजी पुरी होत नाही. यंत्र जो आकडा दाखवते तो कोणत्या घटकेचा, हे विचारत जा. आणि कोणी ऐटीत घोड्यावरून आला तर तो त्यावर चढला कसा, तेही विचारा. विचारायला संकोच वाटेल. तरी विचारा.

रविवारी रात्रीपासून बर्फ पडते आहे. मला जिच्यावरून वीज मिळते ती छपरावरची सौर पाटी बर्फाखाली गेली आहे. म्मे न्थोफीला काल शिडी लावून झाडू घेऊन वर गेल्या होत्या. आज सकाळी पुन्हा गेल्या.

आज बुधवार आहे. न्ताते सेआबाता उजाडल्यापासून माझ्याशेजारच्या पलंगावर आडवे आहेत. पाय सरळ ठेवून, अजिबात न हलता. माकाराबो बाहेर बाकावर बसली आहे. माझा पडदा अजून काळाच आहे.